चार मात्रा ठरल्या होत्या

ओव्हनमधला ट्रे तापून टण्‌कन वाजला, तसं आम्ही तिघांनी एकदम तिकडे बघितलं.

"पाव झाले वाटतं," मी म्हणाले.

"पाव नाही झाले. ट्रे वाकला," थर्मन म्हणाला. "आपल्या लग्नापासून वाकतोय तो."

डेल्मस हसला. चार वर्षांनी तो माझ्या घरात आला होता आणि त्याचं पहिलं हसू त्या ट्रेने मिळवलं. मला ट्रेचा हेवा वाटला.

थर्मन माझा नवरा, डेल्मस त्याचा धाकटा भाऊ. लष्करातून सुटून तो क्लीव्हलंडला निघाला होता, तिथल्या टपाल कचेरीत नोकरीवर रुजू व्हायला. बॉल्टिमोरला बस बदलायची, म्हणून मधले तीन तास आमच्याकडे. पाचची बस होती. मी चर्चमधून आले ती कपडे न बदलताच चुलीपाशी उभी राहिले. कोंबडी तळली, डुकराच्या हाडावर पालेभाजी शिजवली, मॅकरोनी केली. हात कामात असले की तोंडाला गप्प राहायला निमित्त मिळतं. मला त्याला दोनच शब्द सांगायचे होते. माझं चुकलं. एवढेच. सकाळपासून भांडी घासताना, कॉर्लिसच्या वेण्या घालताना मी ते मनात म्हणून बघत होते, आणि प्रत्येक वेळी ते तिसऱ्याच कुणाचे तरी वाटत होते.

कॉर्लिस, आमची मुलगी, चार पूर्ण व्हायची आहे अजून. ती टेबलाखाली बसून डेल्मसचे बूट बघत होती. भिंतीवरच्या फोटोतला माणूस भिंतीवरून उतरून जेवायला आला, हे तिला पटायला वेळ लागत होता.

त्या फोटोत पाच जण आहेत. लाल कोट, राखाडी कॉलर, आणि सगळ्यांच्या भांगांना इतकं तेल की फोटोग्राफरने दिवा दोनदा हलवला होता. खाली लिहिलंय, 'द टॅनेजर्स'. नाव रॉस्कोने शोधलं. तो पुढे उभा राहून गाणारा. त्याला ते अंत्यविधीवाल्यांच्या कॅलेंडरवर सापडलं. तेव्हा गाणाऱ्या पोरांच्या टोळ्यांना पक्ष्यांची नावं ठेवायची पद्धत होती आणि चांगले पक्षी सगळे आधीच्यांनी नेलेले. उरलेल्यांत हा एक लाल होता.

"टॅनेजर म्हणजे काय रे?" एमेटने विचारलं होतं.

"पक्षी."

"खातात?"

"तुझ्यासारखे खात असतील."

एमेट आणि त्याचा मावसभाऊ लायल मधली झील धरायचे. थर्मनचा खर्ज. त्याने नुसतं "डूम" म्हटलं तरी जिन्याचा कठडा हाताला थरथरायचा. मी सगळ्यात आधी त्या कठड्याच्या प्रेमात पडले, मग त्याच्या. आणि सगळ्यात वर डेल्मस. पुरुषाचा आवाज, पण छातीतून न काढता कपाळातून काढलेला. बारीक, गोड, चहाच्या कपावरच्या वाफेसारखा.

हे सगळं आमच्या आईच्या घरात चालायचं, डॉल्फिन स्ट्रीटवर. पोरांकडे वाजवायला काही नव्हतं, पण आमच्या जिन्यात आवाज तिप्पट व्हायचा, म्हणून ती तिथे यायची. मी तिसऱ्या पायरीवर वाटाणे सोलत बसायची आणि सूर द्यायची. मला सूर शोधावा लागत नाही, तो असतोच. त्यात माझा काही पराक्रम नाही, कुणाचे डोळे घारे असतात तसंच ते. मी "म्‌" करायची आणि पाचही जण त्या "म्‌"वर उभे राहायचे.

रॉस्कोने एक गाणं रचलं. ट्रामच्या थांब्यावर एक जण एकीची वाट बघतोय, एवढंच. मधे एका जागी सगळे गप्प व्हायचे, आणि वरचा आवाज एकटा "ये" म्हणायचा. चार मात्रा. मग थर्मनचा "डूम" येऊन त्याला खाली उतरवून घ्यायचा. अव्हेन्यूवर रेकॉर्डांचं दुकान असलेल्या मिस्टर हॅनिगनना ते आवडलं. रेकॉर्ड काढायचं त्यांचं स्वतःचं लहानसं लेबल होतं, लँटर्न नावाचं. तारीख ठरली, कोट शिवले, फोटो निघाला. आणि डेल्मसला सक्तीच्या लष्करभरतीचा सरकारी लिफाफा आला. मंगळवारी छावणीत हजर व्हायचं होतं. रेकॉर्डिंग शनिवारी.

"चार दिवस मागेपुढे करता नाही येणार?" थर्मनने हॅनिगनना विचारलं.

"सैन्याला विचार. माझ्याकडे यंत्र त्या एका दिवसापुरतं भाड्याने आलंय."

"मग वरचा आवाज?"

"फोटोत पाच आहेत. मला पाच ऐकू आले पाहिजेत. कुणाच्या गळ्यातून येतात ते बघायला मी काही डॉक्टर नाही."

तेव्हा रॉस्कोने माझ्याकडे बघितलं. मग एमेटने. मला सातवा महिना होता. माझ्या मांडीवर वाटाण्यांचं भांडंसुद्धा राहत नव्हतं.

दुकानामागच्या खोलीत एकच मायक्रोफोन होता. मोठा आवाज लांब, लहान आवाज जवळ, अशी माणसं उभी करायची. खर्ज यंत्रात कमी उमटतो म्हणून थर्मन मात्र मायक्रोफोनला नाक लावून, रॉस्को हातभरावर, झीलवाले त्यांच्या मागे. माझा आवाज ऐकून हॅनिगन मला मागे सारत गेले, अजून मागे, अजून, आणि शेवटी मी संडासात पोचले. तिथे पांढऱ्या फरशा होत्या. दार उघडं ठेवून मी टाकीला टेकून उभी राहिले. तिथून मला थर्मनची फक्त मान दिसत होती.

तिसऱ्यांदा म्हणताना सगळं जुळून आलं. सगळे गप्प झाले आणि मी "ये" सुरू केलं. एक, दोन, तीन, आणि चौथीवर पोटातून कॉर्लिसने अशी लाथ मारली की माझा श्वास सुटायच्या ऐवजी वर चढला. मी थांबूच शकले नाही. थर्मनची मान वळली. तो तोंड उघडून माझी वाट बघत होता. पाच, सहा, सात, आठ. नवव्या मात्रेला मी उतरले आणि त्याचा "डूम" आला, जरा घाबरलेला.

"चुकलं," मी आतून ओरडले. "परत घ्या."

हॅनिगननी यंत्र बंद केलं. "परत?" ते म्हणाले. "बाई, घरी जा आणि पाय वर करून झोपा."

त्या उन्हाळ्यात ते गाणं आमच्या शहरात आणि वॉशिंग्टनपर्यंत वाजलं, त्यापुढे नाही. पण आमच्यापुरतं ते खूप होतं. डॉल्फिन स्ट्रीटच्या खिडक्या उघड्या असायच्या आणि ते "ये" एका खिडकीतून निघून दुसरीत शिरायचं. पोरं पैज लावून ते धरून ठेवायची, कोण जास्त टिकतं म्हणून. घोडागाडीवाला भाजीवालासुद्धा "ये" असं लांबवून टरबुजं विकायला लागला. लोक म्हणायचे, काय आवाज आहे त्या डेल्मसचा. मी कॉर्लिसचे लंगोट पिळत ऐकायची. मला वाईट वाटायचं का? नाही, मजा वाटायची. तरी एकदा टरबूज घेताना त्या भाजीवाल्याला मी म्हणाले होते, "खालच्या पट्टीत म्हणताय तुम्ही." तो म्हणाला, "मग तुम्ही म्हणा." मी टरबूज उचलून घरात आले.

ऑगस्टमध्ये अव्हेन्यूवरच्या मोठ्या थिएटरने टॅनेजर्सना आठवडाभर बोलावलं. दिवसाला पाच खेळ. डेल्मसलाही नेमकी तेव्हाच रजा मिळाली, जर्मनीला पाठवण्याआधीची दहा दिवसांची. सगळ्यांना वाटलं, देवानेच जुळवून आणलं.

तालमीत डेल्मस त्याच्या पद्धतीने गायला. आम्ही ज्यावर प्रेम करत आलो होतो तसाच, वाफेसारखा. थिएटरचा मॅनेजर तिसऱ्या रांगेत सँडविच खात बसला होता. गाणं संपलं तसा तो म्हणाला, "छान. आता रेकॉर्डवरचा पोरगा आणा."

"हाच तो," रॉस्को म्हणाला.

"हा तो नाही."

"हाच, मिस्टर. फोटोत बघा."

"फोटो बघायला लोक येत नाहीत. वरच्या गॅलरीतली माणसं त्या एका जागेसाठी येणार. ती जागा नाही आली तर ती काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आम्ही सगळे त्या गॅलरीत बसून मोठे झालो होतो. तिथून हुर्यो उडवून आम्हीही कितीकांना घरी पाठवलं होतं.

तीन दिवस डेल्मस आमच्या जिन्यात तो सूर ओढत होता. चौथ्या मात्रेपुढे त्याचा आवाज फाटायचा. तो पाणी प्यायचा, परत सुरू करायचा. मी वरच्या खोलीत कॉर्लिसला पाजत बसायची आणि प्रत्येक वेळी माझंही तोंड आपोआप उघडायचं, जसं मूल खाताना आईचंच उघडतं तसं.

चौथ्या सकाळी मी दारातल्या संगमरवरी पायऱ्या घासत होते. डेल्मस आला, माझ्या हातातून ब्रश घेतला आणि स्वतः घासायला बसला. गणवेशाची पँट, गुडघे साबणात.

"डेल्मस, उठ. मिस ओझेला बघतेय समोरून."

"बघू दे. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्याच पायऱ्या बघत आलीय." मग ब्रश न थांबवता म्हणाला, "व्हर्लीन, तू पडद्यामागून म्हणशील?"

मी बादली त्याच्याकडे सरकवली.

"मी पुढे तोंड उघडून उभा राहीन. पण चारच मात्रा हं. रेकॉर्डवर आहे तेवढं नको. एवढा वेळ तोंड उघडं ठेवलं की माणूस मासा दिसतो." तो हसला, पण मान खालीच होती. "चार झाल्या की मी हात खाली आणीन आणि एक पाऊल मागे घेईन. तिथे तू थांब."

"थांबेन."

"नक्की?"

"अरे, चार मोजता येतात मला."

एकोणीस वर्षांचा होता तो. त्याने सगळ्या पायऱ्या घासल्या, माझ्या आणि शेजारणीच्याही.

शुक्रवारी पहिला खेळ दुपारी एकला होता. मी बाजूच्या काळ्या पडद्याआड, समोर एक जुना मायक्रोफोन. नाचणाऱ्यांच्या ताफ्यातली एक मुलगी कॉर्लिसला घेऊन मागे उभी होती. मी "ये" म्हटलं, चार मात्रा मोजल्या, थांबले. डेल्मसचा हात खाली आला, पाऊल मागे गेलं. टाळ्या पडल्या. वर गॅलरीतून मात्र कुणीतरी ओरडलं, "एवढंच? दुकानात जास्त मिळतं!" आणि लोक हसले, पण प्रेमाने.

बाहेर आल्यावर डेल्मसने मला मिठी मारली. त्याचा कोट घामाने ओला होता. "बरोब्बर चार," तो म्हणाला. "तू आणि घड्याळ." थर्मनने सगळ्यांसाठी तळलेले मासे आणले. आम्ही मागच्या गल्लीत उभ्याउभ्या खाल्ले. एमेट काट्यांसकट खात होता. मला वाटतं, टॅनेजर्सचं जे काही नशीब होतं ते त्या तासाभरातच होतं.

दुसरा खेळ तीनचा. गॅलरी गच्च भरलेली. ते गाणं सुरू झालं तसे लोक आधीच पुढे सरकून बसले. पडद्याच्या फटीतून मला डेल्मसची पाठ आणि एक गाल दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे काळोखात ती शेकडो माणसं. सगळे गप्प झाले. मी "ये" सुरू केलं.

एक. दोन. तीन. चार.

डेल्मसचा हात खाली आला. त्याने तोंड मिटलं, आणि ठरल्याप्रमाणे एक पाऊल मागे घेतलं.

मी गातच होते.

मला दिसत होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याचा हात दिसला, पाऊल दिसलं. पाच. कोटाच्या आत त्याची पाठ ताठ झालेली दिसली. सहा. पुन्हा तोंड उघडायला त्याने मान वर केली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती तशीच खाली घातली. सात. आठ. थर्मन माझ्याकडे बघत होता, "डूम" त्याच्या गालात अडकलेला. आवाज त्या छतापर्यंत गेला होता आणि तिथून परत माझ्याकडे येत होता. संडासातल्या फरशांपेक्षा कितीतरी मोठा.

मी थांबले. मग वरून एकाने शांतपणे, अगदी काळजीने सांगितल्यासारखं म्हटलं, "पोरा, तुझा आवाज मागे राहिला. जाताना घेऊन जा."

मग अख्खं थिएटर हसलं. मी त्या हसण्याचं वर्णन करू शकत नाही. लोक वाईट नव्हते. आमच्याच गल्लीतले होते.

डेल्मसने गाणं संपेपर्यंत झील धरली. मागे आल्यावर त्याने कोट काढला, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवला. माझ्यासमोर क्षणभर थांबला. कॉर्लिस रडत होती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गल्लीच्या दाराने निघून गेला. रजेचे चार दिवस बाकी होते, पण त्याच संध्याकाळी तो छावणीत परतला. तिसऱ्या खेळाला पाटीवर आमच्या जागी एका जादूगाराचं नाव होतं. हॅनिगननी दुसरी रेकॉर्ड काढलीच नाही. टॅनेजर्स त्यानंतर एका लग्नात गायले, एका खेकड्यांच्या जेवणावळीत गायले, आणि मग कुणी 'आता पुरे' असं न म्हणताच ते थांबलं. सक्तीची दोन वर्षं संपल्यावर डेल्मसने आपणहून आणखी दोन मागून घेतली. नाताळला त्याचं कार्ड यायचं, थर्मनच्या नावाने.

मला कुणी काही विचारलं नाही. थर्मननेसुद्धा नाही. तो चांगला माणूस आहे. त्याला वाटलं, विचारलं नाही की दुखणार नाही. कॉर्लिस बोलायला लागली तेव्हा तिला मांडीवर घेऊन त्याने ती रेकॉर्ड लावली आणि एकेक आवाज ओळखायला शिकवला. हा खाली मी. हा रॉस्को. ही झील एमेट आणि लायलची. आणि हा सगळ्यात वरचा डेल्मसकाका. मी तिथेच इस्त्री करत होते. मी इस्त्री फिरवत राहिले.

तर पाव झाले, जेवण झालं. सव्वाचार वाजले होते. डेल्मस जाड झालाय, हळू बोलतो, जर्मनीतल्या बर्फाच्या गोष्टी सांगतो. थर्मन प्रत्येक गोष्टीला "असं होय" म्हणत होता. मी रताळ्याचं गोड आणायला उठले, बसले, परत उठले. म्हटलं, आता. गोड वाढताना सांगू. वाढून झालं.

तेवढ्यात टेबलाखालून कॉर्लिस बाहेर आली आणि त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

"काका, तो सूर म्हणा ना."

"कॉर्लिस, काकांना खाऊ दे," थर्मन घाईने म्हणाला.

"झालं माझं खाऊन." डेल्मसने काटा खाली ठेवला. "कुठला सूर?"

"तुमचा. सगळ्यात वरचा." आणि तिने मान ताणून, डोळे मिटून म्हणून दाखवला. "ये..." सूर बरोबर होता. तिलाही तो शोधावा लागत नाही.

डेल्मस तिच्याकडे बघत राहिला. "तो माझा म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी."

थर्मन ताटलीत बघायला लागला. माझ्या हातात कॉफीचं भांडं होतं. बोलायचं तर हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "कॉफी हवीय का कुणाला?"

डेल्मसने कप बाजूला सारला.

"बाबा तुझे विसरले बघ," डेल्मस म्हणाला. त्याने तिला उचलून मांडीवर घेतलं. "तो आवाज तुझ्या आईचा. थिएटरात मी पुढे उभा होतो आणि ती पडद्यामागे. आमचं ठरलं होतं, चार मात्रा." त्याने चार बोटं धरली आणि एकेक मिटत गेला. "चार झाल्या. मी थांबलो. ती गात राहिली."

"किती?"

"पुष्कळ."

"मग लोकांनी काय केलं?"

"हसले."

"आईला?"

"आईला कोण बघत होतं, बाळा? मला."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. जर्मनीतल्या बर्फाचं सांगावं तसं त्याने सांगितलं आणि मग वर बघितलं, माझ्याकडे. तेव्हा मला कळलं की तो जेवायला आलेला नव्हता. बस तर वॉशिंग्टनलाही बदलता आली असती.

मी भांडं खाली ठेवलं. माझं चुकलं, हे दोन शब्द तयार होते, सकाळपासून घासूनपुसून ठेवलेले. पण ते त्याच्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

कॉर्लिसने स्वतःची चार बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ती त्याच्या मांडीवरूनच माझ्याकडे वळली.

"आई, काका थांबले होते ना," ती म्हणाली. "मग तू का नाही थांबलीस?"